मुंग्यांनी नावाजलेले पेरू

अमडापूरच्या पेरूच्या बागेचा माझ्या थोरल्या भावाला भारी अभिमान. बाग वाढवली वहिनीने. दोन उन्हाळे तिने डोक्यावरून पाणी वाहून झाडं जगवली. मिरवायला मात्र हा पुढे. पहिला बहार स्वतः शेगावला नेऊन विकायचा, असं वहिनीने मनाशी ठरवलं होतं.

फळं धरली आणि झाडांवर मुंग्यांच्या रांगा लागल्या. झालं, भाऊ हवेत! येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवायचा, "पाहा, पिकायच्या आधीच मुंग्या लागल्या. किती गोड असन पेरू! मुंगीले कोणी फसवू शकत नाई." वर रोज सकाळी खोडापाशी मूठभर साखर टाकायचा. तेवढंच पुण्य! असा शहाणा दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

वहिनीने पानं उलटून पाहिली. शिरांना धरून बारीक, मेणचट खवले चिकटले होते. नखाने खरवडले की बोट चिकट व्हायचं. तिने पान भावाला दाखवलं.

"धूळ हाये ते, सडकेची," तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

तरी ती रोज साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक पान पुसत राहिली, आणि रविवारी मी गेलो तेव्हा तेच पान माझ्यापुढे धरलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. झाडाचा रस शोषणारी कीड, तिच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा, त्यासाठी तिची राखण करणाऱ्या मुंग्या, हे सगळं दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगतो. चष्मा खिशातच होता. तो काढायचा मी आळस केला.

"धूळच आहे वहिनी. उगाच पानं काय पुसत बसता?"

तिने फडकं वाळत टाकलं ते टाकलंच.

दोन महिन्यांत पानांवर काजळी चढली, फळं काळी आणि चिकट झाली. व्यापारी सोडा, गावातलं पोरही हात लावेना. भावाने हवामानाला शिव्या घातल्या. कृषी खात्याचा माणूस आला, भिंगातून पाहून म्हणाला, "खवले कीड आहे. या भागात नवीनच दिसते. सुरुवातीला पानं पुसली असती, फांद्या छाटल्या असत्या, तर आवरली असती. कोणाच्याच लक्षात आलं नाही का?"

भावाने मोबाइल काढला. मी चष्मा पुसायला लागलो.

"आलं होतं ना साहेब," वहिनी म्हणाली. "पुसतही होती मी. मंग शिकलेल्या माणसाले इचारलं."