फाटकावरची फर्माइशीची पेटी

जरा जवळ ये मंगल, तुझा कान धरायचाय. साहेबांनी रेडिओवरचा तुझा फर्माइशीचा कार्यक्रम बंद करून कॉम्प्युटरकडे गाणी सोपवली, म्हणून तू तोंड पाडून घरी बसलीस. मी काल बाजारातून येताना तुमच्या रेडिओ केंद्रावरून आले. फाटकावरची पत्रांची पेटी इतकी भरलीय, की नवं कार्ड आत जाईना.

"फर्माइश बंद झाली ना रे?" मी वॉचमनला विचारलं.

"लोक ऐकतात होय, आजी? टाकतातच. आणि आत साहेब म्हणतात, ऐकणारं कुणी उरलं नाही, केंद्र बंद करावं लागेल."

मला हसूच आलं. गाणी काय, नातवाच्या मोबाइलवर ढिगानं आहेत. आम्ही रेडिओपाशी बसायचो ते आपापली नावं ऐकायला. कार्डात धाकट्या सुनेचं नाव राहिलं, तर आठवडाभर चहा पाणचट मिळायचा! मी मात्र आमच्या ह्यांचं नाव पहिलं लिहायची, ते गेल्यावरसुद्धा. तुला ठाऊक होतं, त्यांच्या तेराव्याला तू जेवून गेली होतीस. तरी दर गुरुवारी न अडखळता वाचायचीस. कॉम्प्युटरवर माझा राग नाही गं, पण त्याला आमची नावं कोण सांगणार?

तर आता ऊठ. ती पेटी उघड आणि साहेबांच्या टेबलावर ओत. अर्धं बाहेर लोंबणारं कार्ड माझं आहे, ते वर ठेव. साहेब काहीही म्हणोत, रविवारी माझ्याकडे ये. थालीपीठ लावते, गार व्हायच्या आत पोच.