दिवेलागणीच्या आतली कॉमेंट्री

आमच्या भागात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा कधी घ्यायच्या हे मंडळं ठरवत नाहीत, ऊसतोडीच्या गाड्या ठरवतात. दसरा झाला की कारखान्यांचे निरोप मुकादमांकडे येऊ लागतात, आणि तोडणीची टोळी गेली की गावात अकरा खेळाडूही उरत नाहीत. त्यामुळे प्रत्येक मंडळाला आपली स्पर्धा त्याआधी उरकायची असते. पाली, मांजरसुंबा, आमचं गाव, सगळीकडे मांडव एकदमच पडतात. माईकवर कॉमेंट्री करणारे मात्र दोघंच: मी आणि माझ्या वर्गातला एक मित्र.

मी बीडच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चारचौघांत बोलताना मी अडखळतो; माईक हातात आला की अडखळत नाही. असं का होतं, मला अजून नीट सांगता येत नाही.

माझी बहीण दहावीत होती. आईवडील दर वर्षी तोडीला जातात. गावातलं हंगामी वसतिगृह लहान वर्गांच्या पोरांसाठी आहे, तिच्यासाठी नव्हतं. आमच्या वस्तीवर मागे राहतात ती म्हातारी माणसं. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी माय मला म्हणाली, "पोरगी एकली घरात ठेवायची न्हाई. तू दिवेलागणीच्या आत घरी येत असशील तर ऱ्हाऊ दे तिला. न्हाई तर चलंल आमच्या संगं."

"येतो की," मी म्हणालो.

"आत्ता म्हणतूस. गाडी येईस्तोवर बघते."

त्या दिवसापासून मी प्रत्येक मंडळाला सांगू लागलो की माझ्या मॅच दुपारच्या ठेवा. सकाळी तास करायचे, काळीपिवळी जीपने मांजरसुंब्याला उतरायचं, एक मॅच बोलायची, तिचे पैसे घ्यायचे, मित्राच्या हाती माईक द्यायचा आणि परतीची जीप धरायची. दुसऱ्या दिवशी पालीला तसंच, आधी मी, नंतर तो. पालीचा आयोजक मला कॉलेज म्हणूनच हाक मारायचा. "काय बे कॉलेज, नवी नवरी हाईस का? दिस बुडायच्या आत घरी जायला?" मांडवातले सगळे हसायचे. मीही हसायचो आणि चप्पल घालायचो. बहीण रोज ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेली असायची. मी दिसलो की आत वळून नुसतं म्हणायची, "माय, आला बघ."

असं सगळे दिवस जमलं. गाडी यायला अजून दोन-तीन दिवस आहेत असं मुकादम म्हणत होता. मग एका सकाळी निरोप आला की गाडी आजच संध्याकाळी येतेय. आमच्या गावची फायनल बाकी होती. दोन्ही संघांत टोळीची पोरं, म्हणून मंडळानं ती त्याच दुपारी ठेवली. मित्र तेव्हा मांजरसुंब्याला अडकलेला. आमचं ठरलं की फायनल मी सुरू करायची, तिथली मॅच संपवून त्यानं यायचं आणि मी सुटायचं.

पहिला डाव संपला तरी तो आला नाही. मी फोन केला. "रनआऊटवरून भांडायलेत बे," तो म्हणाला. "अंपायर बॅट घेऊन उभा हाय. मिटलं की निघतो." दुसऱ्या डावाच्या मध्यावर पुन्हा केला. मॅच परत सुरू झाली होती, पण तो अजून तिथंच होता.

मी माईक टेबलावर ठेवून उठलो. आमच्या मंडळाचा अध्यक्ष शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "फायनल मधीच सोडतूस का? चार ओव्हर ऱ्हायल्यात. तुझी माय काय गाव सोडून चाललीय का लगेच?" मग त्याचं त्यालाच उमगलं आणि तो स्कोअरच्या वहीत बघू लागला. मी मात्र खाली बसलो. चार ओव्हर म्हणजे फार वेळ नाही, असं वाटलं.

उजेड कमी झाला तशा पोरांनी मोटारसायकली सीमारेषेवर लावून हेडलाइट खेळपट्टीवर सोडले. त्या उजेडात धूळच जास्त दिसत होती. मी बोलत होतो. आमच्याकडे स्पर्धेचा भोंगा गावाच्या सगळ्या कामाचा असतो: हरवलेली किल्ली, आलेला टँकर, सगळं त्यावरूनच सांगतात. मुकादमाचा माणूस आला आणि कानाशी वाकून म्हणाला, "गाडी पाराजवळ लागली. सांग सगळ्यांना." मी सांगितलं. ज्यांचं नाव टोळीत आहे त्यांनी सामान घेऊन पाराजवळ यावं, असं दोनदा सांगितलं. बॅटिंग करणाऱ्या पोरानं बॅट खाली ठेवली आणि तो चालू लागला. मॅच तिथंच थांबली. कुणी जिंकलं नाही.

मी पाराकडे पळालो. ट्रकात भांडी, गोण्या, सरपण चढलं होतं. वडील दोर आवळत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बहीण गोण्यांवर बसली होती.

"माय, आजचाच दिवस उशीर झाला," मी म्हणालो. "इतके दिस आलो की न्हाई येळेवर?"

"आलास बाबा. कुठं न्हाई म्हणते." माय स्टोव्ह फडक्यात गुंडाळत होती. "दिवा लावला तवा तुझा आवाज भोंग्यातून येत व्हता. आमी गावात असून आला न्हाईस. उंद्या आमी लांब. तवा तुला कोण हाळी मारील?"

"सगळ्या मॅच बंद करतो."

"मंग पोरीला खाऊ काय घालशील?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

मी बहिणीला विचारलं, "पुस्तकं घेतलीस का?"

"दोनच. वझं हुतंय म्हणली माय. गणित आन् इंग्रजी." मग ती म्हणाली, "दादा, शाळेत कुठवर शिकवलं ते इचारून सांगशील का?"

मी हो म्हणालो. ट्रक गेला. मित्र त्यानंतर थोड्या वेळानं आला, अंगावर धूळ घेऊन.

मी शाळेत जाऊन विचारत राहिलो. रविवारी फोनवर तिला सांगायचो: भूमितीत वर्तुळ सुरू झालं, इंग्रजीचा अमुक धडा झाला. ती "बरं" म्हणायची. मागे कोयत्यांचा आवाज, कुणीतरी तिला उसाच्या शेंड्यांचे वाढे बांधायला हाक मारत असायचं. काही आठवड्यांनी मी सांगू लागलो तर ती मधेच म्हणाली, "ऱ्हाऊ दे दादा. जेवलास का?"

त्याच आठवड्यात एका आयोजकानं, टोळ्या परतल्यावर घ्यायच्या स्पर्धेसाठी, आताच फोन केला. मला कोणती वेळ जमेल, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, कोणतीही, दिवेलागणीनंतरचीही.