कडक भाकरीची व्याख्या

जी तोंडानं न्हाय म्हणते आणि हातानं व्हय म्हणते, ती कडक भाकरी.

ही व्याख्या माझी. ॲनिमे बघणाऱ्या मराठी पोरापोरींसाठी मी इन्स्टाग्रामवर एक पान चालवते, तिथं ती सगळ्यात वर डकवलेली होती. कुठल्या कुठल्या गावांहून पोरं लिहायची, "ताई, कसलं भारी नाव शोधलंय!" यंदाच्या नागपंचमीनंतर मी ती काढून टाकली. का काढली म्हणून अजून विचारतात. खरं कारण असं, की ही व्याख्या मी एकदा माझ्या सख्ख्या बहिणीला लावली आणि तिचं आयुष्य भलत्याच वाटेला लागलं.

ज्यांनी ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ही पोरगी दर दुसऱ्या मालिकेत भेटते. कपाळाला आठ्या, तोंडात शिव्या. नायकाला वेंधळ्या म्हणते, दप्तर फेकून मारते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढं जेवणाचा डबा आदळते. "तुझ्यासाठी नाही केला, जास्त झाला म्हणून आणला." मग मान वळवते आणि कानापर्यंत लाल होते. डबा त्याच्यासाठीच आहे हे सगळ्यांना कळतं, त्या येड्याला तेवढं कळत नाही. जपानीत अशा पोरींना त्सुंदेरे म्हणतात. मला ते नाव कधी रुचलं नाही. आमच्या मुरूम गावात कुणाला सांगितलं तर औषधाचं नाव वाटायचं.

माझी अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लॅबचा कोर्स करून ती उमरग्याच्या एका दवाखान्यात लागली होती. सकाळच्या एसटीनं जायची, दिवसभर लोकांचं रक्त काढायची आणि संध्याकाळी घरी येऊन आमचं प्यायची, असं मीच म्हणायचे. तोंड तर असं, की विचारू नका. "भवाने, केस हायत का घरटं?" "मुडदा बशिवला तुज्या त्या मोबाइलचा!" पण तिच्या पर्समधून माझ्यासाठी काही ना काही निघायचंच. एकदा चांगले इअरफोन निघाले. "तुला न्हाय आणलं, दुकानदारानं गळ्यात मारलं," असं म्हणून तिनं ते माझ्या अंगावर फेकले.

रविवारी दुपारी आम्ही दोघी गच्चीवरच्या खोलीत बसायचो. मोबाइल एक, इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. "त्या बटाट्याएवढ्या डोळ्यांच्या बाहुल्या तूच बघ बाई, मला काय रिकामा धंदा हाय?" असं ती दर रविवारी म्हणायची, आणि दर रविवारी माझ्याआधी शेंगांची वाटी घेऊन तिथं बसलेली असायची.

असाच एक रविवार. आईनं कडक भाकरी आणि आमटी केली होती. आमच्याकडं ज्वारीची भाकरी पातळ थापून अशी वाळवतात, की पापडासारखी कडकडीत होते आणि कितीतरी दिवस टिकते. कोरडी चावली तर हिरड्या सोलून निघतात. गरम आमटीत मोडून टाकली, की मात्र दात नसलेल्या म्हातारीलाही खाता येते. अक्का ती मोडत होती, मोबाइलवर ती डबेवाली पोरगी नायकावर खेकसत होती, आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं.

"अक्का, ही पोरगी म्हंजी कडक भाकरी! आन् तू बी!"

"मी कशाला भाकरी? तूच भाकरी, तुजं खानदान भाकरी," म्हणत तिनं एक तुकडा मला फेकून मारला. मग हसू लपवायला मान वळवली आणि भिजवलेली ताटली माझ्यापुढं सरकवली. "गीळ. मला भूक न्हाय."

"बघ! बघ! बघ!" मी नाचायचीच बाकी होते.

त्याच दिवशी वहीत व्याख्या लिहिली. खाली ओळखायच्या खुणा लिहिल्या. मान वळवते. कान लाल होतात. शिवी देते. आणि सगळ्यात शेवटी, तिचा न्हाय म्हणजे व्हय समजावा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते खोटं नाही.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीहून अक्काला स्थळ आलं. मुलगा निर्व्यसनी, शेती, खताचं दुकान, नाव ठेवायला जागा नाही. अट एकच, पोरीनं नोकरी सोडायची. आमच्यासारख्या घरांत आईबाप पोरीला हे तोंडावर विचारत नाहीत. बापाला संकोच, आईला धाक. मग वहिनीला नाहीतर धाकट्या बहिणीला पाठवतात, "तिच्या मनात काय हाय बघून ये गं." ती खाली येऊन जे सांगेल, ते पोरीचं मन. आमच्या घरात वहिनी नव्हती, मी होते. सतरा वर्षांची होते आणि थोरांनी मला पहिल्यांदाच कामाचं काही सांगितलं होतं.

अक्का गच्चीवर तिचा लॅबचा पांढरा कोट धूत होती. मी विचारलं. तिनं वर बघितलं नाही.

"न्हाय म्हणून सांग. मला लॅब सोडायची न्हाय."

"नक्की?"

"एकदा सांगितलं की, भवाने! जा खाली." आणि तिनं मान वळवली. कान लालबुंद झाले होते.

शिवी, मान, कान. तिन्ही खुणा! मी हसतच जिना उतरले. उतरताना मागं वळून बघितलं तर ती मला पाठ करून कोट घासत होती. कोट आधीच स्वच्छ होता आणि तिचे खांदे हलत होते. ते मी बघितलं, हे मला आजही आठवतं. बघूनही मी उतरतच राहिले.

खाली स्वयंपाकघरात आई, अप्पा आणि आत्या वाट बघत होते.

"काय म्हणली?" आईनं विचारलं.

"न्हाय म्हणली."

आईचं तोंड उतरलं. अप्पांनी नुसता "हं" केला आणि चपला शोधायला लागले. तिथंच थांबायचं होतं गं बये! तेवढंच माझं काम होतं. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"पण आई, तुला अक्का म्हाईत न्हाय व्हय? तिचा न्हाय म्हंजी व्हयच असतो. मान वळवली, कान बी लाल झालते. लाजली ती."

आत्यानं टाळीच दिली. "अगं बया, खरंच की! ल्हानपणी बी न्हाय न्हाय म्हणत समदा लाडू खायची." अप्पा कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. माझ्या डोक्यावर टप्पल मारून म्हणाले, "शहाणी हायस की गं तू." मला तेच पाहिजे होतं. दुसरं काही नाही, ते "शहाणी".

अक्कानं नंतर स्वतः सांगून बघितलं, नाही असं नाही. आईला म्हणाली, "आई, म्या न्हाय म्हणून सांगितलं हुतं." आई हसली, "कळालं बाई तुजं न्हाय." आत्यानं तिचा गाल ओढला. अप्पांपुढं उभी राहिली तर तेही म्हणाले, "व्हय व्हय, समदं कळतं आमाला." ती चिडली, की सगळे हसायचे. आणखी चिडली, की आणखी हसायचे. तिनं काहीही म्हटलं तरी माझीच व्याख्या खरी ठरत होती. तिच्या तोंडातला "न्हाय" मी काढून घेतला होता आणि तिच्याकडं दुसरा शब्दच उरला नव्हता.

त्या हसण्याच्या गलक्यात तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला कळलं. अगदी स्पष्ट कळलं, की मी चुकलेय. तेव्हाही बोलता आलं असतं. पण बोलले असते तर "शहाणी" गेली असती, आणि लग्नासाठी घेतलेला मोरपंखी घागराही पिशवीतच राहिला असता. मी गप्प बसले. हे लिहायला जड जातंय, पण लिहायचं होतं ते हेच.

आज तीन वर्षं झाली. वाशीला तिचं बरं चाललंय, असं सगळे म्हणतात, आणि तसं ते खरंही आहे. नवरा हात उचलत नाही, सासू जेवलीस का म्हणून विचारते. पांढरा कोट आमच्याच घरी ट्रंकेत राहिला. फोनवर अक्का हळू बोलते. "हो का? छान झालं. अभ्यास कर हं." एक शिवी नाही. नातेवाईक कौतुक करतात, "संसारानं कशी मऊ केली बघा." भाकरी भिजली, असं एकदा माझ्याही मनात आलं. स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

यंदा ती पंचमीला आली. आईनं मला वर पाठवलं, "बघ गं, अजून दोन दिस ऱ्हाती का." अक्का त्याच खोलीत बसली होती. मी तिच्या हातात इअरफोनचं एक टोक दिलं. "बघू की, तुला आवडंल ते," म्हणाली. पाहुणी म्हणते तसं. बघता बघता तिनं सहज माझा हात मांडीवर घेतला आणि कोपराच्या खळग्यात अंगठा दाबत राहिली.

"हितं हाय बघ शीर. ल्हान लेकराची बी मला एका दमात घावायची."

मला राहवलं नाही. "अक्का, तवा तू न्हाय म्हणलीस आन् म्या खाली व्हय सांगितलं."

"म्हाईत हाय."

"मंग शिव्या दे की! मुडदा बशीव माजा!"

"आईला सांगून तिनं ऐकलं नसतं," ती स्क्रीनकडं बघत म्हणाली. "अप्पांपुढं माझं तोंड उघडत नव्हतं. तुला वर पाठवलं म्हणून तवा मला लई बरं वाटलं हुतं. म्हटलं, ही माझी हाय, ही नीट सांगंल."

मी विचारलं, "राग हाय ना माझा?"

"न्हाय." आणि तिनं मान वळवली. कान पदराखाली होते.

"दोन दिस ऱ्हा की मंग."

"न्हाय गं. उद्या जाते."

मी जिना उतरले. आई खालीच उभी होती. "काय म्हणली?"

"न्हाय म्हणली."

आई हसली. "तिचा न्हाय म्हंजी..."

"न्हाय म्हंजी न्हाय, आई!" मी अशी किंचाळले, की आईच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "तिनं न्हाय म्हणलंय! तवा बी न्हायच म्हणली हुती!"

वरून अक्काचा आवाज आला, तीन वर्षांपूर्वीचा, तसाच करकरीत.

"आता वरडतीस व्हय, भवाने? तवा का न्हाय वरडलीस?"