नाल्याकडचं बेणं

"आपोआप काही होत न्हाई. कुनीतरी हात फिरवलेला असतो."

कुरुंद्याची गोजरबाई हे जन्मभर म्हणत आली. तिचा स्वतःचा हात फिरायचा तो हळदीच्या बेण्यावर, म्हणजे पुढच्या लावणीसाठी राखलेल्या गड्ड्यांवर. तीस वर्षं तिनं गोल, जड, नितळ गड्डे तेवढे ठेवले. वाकडे, बारके नाल्याकडच्या सखलात फेकले. गावातल्या बाया बेणं न्यायच्या ते तिच्याच हातचं.

सून राजनंदिनी शाळेत विज्ञान शिकवायची. सजीव कसे बदलत आले, हे तिनं एकदा घरी सांगितलं.

"तुझ्या पुस्तकात निवडनारा कुनी हायच न्हाई?" गोजरबाई हसली. "मंग मी काय करून राहिले, मास्तरीणबाई?"

"तुम्ही निवडता, आत्याबाई. रानात कोणी निवडत नाही. टिकतं ते उरतं."

"आन टिकवतं कोन?"

दोन हजार पाचच्या पावसात तिच्या वावरातले गड्डे जमिनीतच सडले. पानं पिवळी पडली, बांधावर उभं राहिलं तरी आंबूस वास यायचा. हिरवं राहिलं ते फक्त नाल्याकडचं, फेकलेल्या गड्ड्यांतून उगवलेलं. पाणी तर तिथंच सगळ्यात जास्त तुंबलं होतं.

काढणी झाल्यावर दोघी त्या वाकड्या ढिगापुढं बसल्या. शेजारी चांगल्यातलं वाचलेलं एक पोतं होतं.

"फेकले मीच," गोजरबाई म्हणाली. "म्हंजे हात माझाच."

"हात तुमचा. पण हे जगतील, हे ठाऊक होतं?"

"न्हाई." तिनं ढिगातला एक गड्डा उचलून फिरवून पाहिला. मग हळूच म्हणाली, "वरच्यालाबी ठाऊक नसलं तर?"

राजनंदिनीला वर्गात हा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता.

त्यानंतर गोजरबाईचं जेवण कमी झालं. पोत्यापाशी जायची, ढिगापाशी यायची. बाया बेणं मागायला येऊ लागल्या, तर त्यांना ती आठ दिवस थांबा म्हणायची. चुकलं तर तिच्या एकटीचं वावर जाणार नव्हतं.

मृग तोंडावर आला. एका सकाळी तिनं ढिगातले वाकडे गड्डे पाटीत भरले.

"निवडून नाही घेत?" राजनंदिनीनं विचारलं.

"कशावरून निवडू?"

पाटी कमरेवर घेऊन ती वावराच्या वाटेला लागली. राजनंदिनी दारातून बघत राहिली. चालता चालता सासूचा हात पाटीत जायचा, एखादा गड्डा चाचपायचा आणि तसाच परत ठेवायचा. वळणापर्यंत तेच चाललं होतं.