सहीपुरता नवरा

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मला रडूच कोसळलं. तांबी बसवलेली असूनही ही तऱ्हा. पदरात दोन लेकरं, शाळेतली नोकरी; मला तिसरं नको होतं. नवरा ट्रक घेऊन परमुलखात. फोनवर म्हणाला, तुला जमंल तसं कर. म्हणून सासूबाईंना सोबत घेऊन मानवतहून एसटीनं परभणी गाठलं. त्यांना आणखी एक नातू हवा होता, हे मला ठाऊक होतं.

दवाखान्यातल्या सिस्टर मान वर न करताच म्हणाल्या, मालकांना आणा, सही पाहिजे. मी सांगितलं, कायदा माझ्या जन्माआधीचा आहे. साधन फसलं तर गर्भ पाडता येतो आणि सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते.

"कायदा दिल्लीत आसंल ताई," त्या म्हणाल्या. "इथं डॉक्टरसायब हायत."

बाकावरच्या एक काकू मदतीला धावल्या. भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, हे तर सरकारनं कधीच बंद केलंय. फलकावर एवढंच होतं, की पोटात मुलगा आहे की मुलगी हे इथे सांगितलं जात नाही. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. काकूंना ते पटलं नाही. एक मनाई दिसली की आमचे लोक पदरच्या दोन जोडतात.

शेवटी सिस्टरना माझी दया आली. दीर चालेल, भाऊ चालेल, निदान कुणीतरी पुरुष माणूस? आम्हाला स्टँडवरून आणणारा रिक्षावाला परतीच्या भाड्यासाठी दारात थांबला होता. त्यांची नजर त्याच्यावर जाऊन ठरली. तोही बिचारा भला माणूस. गुटखा थुंकून आत आला, कॉलर नीट केली आणि पेन घेतला. नुकत्याच भेटलेल्या माणसाला माझ्या पोटावर हक्क मिळत होता, मला मात्र नाही.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. आता या सगळंच मोडणार, असं मला वाटलं. त्यांनी रिक्षावाल्याच्या हातातला पेन काढून घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"माझी लेकरं झाली तवा मला कुनी इचारलं न्हाई, बाई," त्या सिस्टरना म्हणाल्या. "हिला तरी इचारा."