अ‍ॅरिझोनातला मकरंद

फोन वाजला की अजून चटकन उचलवत नाही. महिन्यापूर्वी असाच वाजला आणि पलीकडून मित्र एवढंच म्हणाला, "मकरंद गेला." चौतिसाव्या वर्षी कोणी जातं का? अमेरिकेत पूर्वेकडे हर्नडनला आम्ही एकाच ऑफिसात होतो, नंतर तो अ‍ॅरिझोनात फिनिक्सला गेला. मला मात्र तो आठवतो तो त्या वाळवंटातल्या रस्त्यावरचाच...

२००५चा जून. आई पहिल्यांदाच अमेरिकेला आलेली. "काकूंना घेऊन ये, असलं वाळवंट दाखवतो की बस!" म्हणून मकरंदनं दिवसभराची ड्राइव्ह ठरवली. माणसाच्या दुप्पट उंच निवडुंग, डोंगराच्या कपारीत शेकडो वर्षांपूर्वी बांधलेली घरं, सगळं सरकारनं जपलेलं. साधा दगड उचलायची सोय नाही. आई खूश होती. "बघ गं, एवढ्या उन्हात संसार केले लोकांनी!" पाणी पुढे केलं की मात्र म्हणायची, "नको, आत्ताच प्यायले."

दुपारी ती घरं मागे टाकून कच्च्या रस्त्याला लागलो, तर आईनं मला "कुसुम" म्हणून हाक मारली. कुसुम माझी मावशी, ती जाऊन कितीतरी वर्षं झालेली. वळून बघते तर आईचे ओठ पांढरेफटक, नजर भलतीकडेच. फोनला रेंज नाही, मागेपुढे एक गाडी नाही, नुसतं ऊन. आई इथेच जाणार, या परक्या मुलखात, आणि मी बघत राहणार... मी रडायलाच लागले.

"रडतेस काय? टॉवेल भिजव!" मकरंद खेकसला. गाडी कडेला घेऊन, एसी फुल करून तो मागे आईशेजारी बसला. मोटेलमधून ढापलेल्या साखरेच्या पुड्या, बर्गरबरोबर आलेलं मीठ, सगळं बाटलीत घालून घोट घोट पाजायला लागला. तिनं मान फिरवली तेव्हा हळूच म्हणाला, "काकू, वाटेत जायला लागेल म्हणून पीत नाही ना? माझी आईपण एसटीत हेच करते. प्या, मी करतो सोय." परक्या मुलाला कसं सांगायचं, म्हणून बाई सकाळपासून कोरडी बसली होती! बाटली संपली, दुसरी संपत आली, आणि आई म्हणाली, "मेधा, रडू नकोस गं." तेव्हा कुठे मी डोळे पुसले.

मग त्यानं गाडीची एका बाजूची दोन्ही दारं उघडून मध्ये आईची शाल बांधली, स्वतः लांब जाऊन पाठ करून उभा राहिला आणि भसाड्या आवाजात आरती म्हणत सुटला. आपल्याला काही ऐकू येत नाहीये, हे काकूंना कळावं म्हणून! आई तशातही हसली.

अजून कुठे निघालो की मी दर रेस्ट एरियाला, हायवेवरच्या बाथरूमच्या थांब्याला, गाडी थांबवायला लावते. "अगं, आत्ताच तर थांबलो," नवरा कुरकुरतो. कुरकुरू दे.

मकरंद घरात एकटाच होता. दोन दिवस फोन उचलला नाही, म्हणून ऑफिसच्या लोकांनी दार उघडायला लावलं. हे मी पुण्याला आईला सांगितलेलं नाही. तो गेला, एवढंच फोनवर म्हटलं. तर ती म्हणाली, "शेवटी त्याच्या तोंडात कोणी पाणी घातलं का गं?"

"हो," मी म्हणाले. "घातलं."