मादामच्या सात खोल्यांत आम्ही नागपूरकर

फिरून आलं की पाहिलेलं सगळं फोटोत जातं आणि घडलेलं तोंडात राहतं. आम्हाला परत येऊन तीन महिने झाले, तरी धरमपेठेत भाजी घेताना कोणी भेटलं की समुद्र राहतो बाजूला, आधी तिथले हे किस्सेच सुरू होतात!

रियुनियन म्हणजे हिंदी महासागरातलं फ्रान्सचं बेट. आमची लेक मृणाल फ्रान्समध्ये नोकरी करते. तिने तिथलं एक छोटंसं बुटीक हॉटेल आमच्यासाठी बुक केलं. मी, आमचे हे, धाकटे दीर मनोहरभाऊजी आणि जाऊ शोभा असे चौघं इकडून गेलो, मृणाल तिथे येऊन मिळाली. जुनं लाकडी घर, निळ्या खिडक्या, सात खोल्या आणि मालकीण मादाम क्लेअर.

*

खोल्यांना नंबर नव्हते. फुलांची नावं होती, तीही फ्रेंचमध्ये. पहिल्याच दुपारी भाऊजी बाग फिरून वर आले, आंघोळ केली आणि लुंगी-बनियनवर पंख्याखाली आडवे झाले.

तासाभराने एक तरुण फ्रेंच जोडपं दार ढकलून आत आलं. पलंगावर घोरणारे भाऊजी दिसताच "पार्दों, पार्दों" करत त्यांनी हळूच दार लावलं आणि खाली जाऊन मादामची माफी मागितली, की आम्ही चुकून भलत्याच खोलीत शिरलो, आमची कोणती ते सांगा. मादामने रजिस्टर पाहिलं. खोली त्यांचीच होती.

उठल्यावर भाऊजींना हे सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "तरीच म्हटलं, आपला टॉवेल इतका मऊ कवापासून झाला!"

*

जेवणाच्या टेबलावर मिरचीच्या चटणीची एक छोटी वाटी असायची. मादामने मृणालकरवी बजावलं की जपून, फार तिखट आहे. ह्यांना तो नागपूरचा अपमान वाटला. "सांग तिले, आम्ही सावजी खाणारे लोक आहो," म्हणाले आणि चमचाभर सरळ तोंडात.

आधी कान लाल झाले, मग टक्कल. डोळ्यांतून धारा. पाण्याच्या ग्लासाकडे पाहिलं, पण हात लावला नाही. मादाम घाबरली. काय होतंय, विचारू लागली.

हे रुमालाने डोळे टिपत म्हणाले, "काही नाही. आईची आठवण आली."

मृणालने ते जसंच्या तसं फ्रेंचमध्ये सांगितलं. मादामचेही डोळे भरले. तिने ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्रेमाने आणखी दोन चमचे वाढले.

*

एका दुपारी लाईट गेली. गरम होत असेल म्हणून मादाम खजील होऊन सगळ्यांना सरबत देत फिरत होती. आमच्यापाशी आली आणि थबकली. शोभा स्वेटर घालून बसली होती, वारं लागतं म्हणून! शोभाचं माहेर पारशिवनीकडलं. ती मृणालला म्हणाली, "इले सांग, मे महिन्यात माह्या माहेरी ये, मंग गरम काय ते बोलू."

*

जेवणघराच्या भिंतीवर हातमागाची एक जुनी चादर टांगलेली होती. भाऊजी खुर्चीवर चढले आणि तिची उलटी बाजू पाहू लागले. मादामला वाटलं, पाहुणा चादर काढून नेतो आहे!

आमचं घराणं उमरेडचं, विणकरांचं. भाऊजींनी विशीपर्यंत माग चालवला, मग शहरात क्लार्क झाले. घरचा माग मोडीत गेला तो दिवस त्यांनी आम्हाला कधी सांगितला नाही. मृणालने मादामला हे सगळं समजावलं. ती हात धरून त्यांना मागच्या कोठीत घेऊन गेली. तिथे तिच्या आजीचा माग होता. धुळीने भरलेला, फणी निखळलेली, पण उभ्या धाग्यांचा जुना ताणा तसाच.

दुसऱ्या दिवशी सगळे ज्वालामुखी पाहायला निघालो. भाऊजी येत नाही म्हणाले. संध्याकाळी परतलो तर कोठीतून खट्-खट् आवाज. भाऊजी मागावर, फणी पुन्हा जागेवर, वीतभर कापड विणून झालेलं, आणि मादाम खाली जमिनीवर बसून एकटक बघते आहे.

"भाऊजी, ज्वालामुखी राहिला ना तुमचा," मी म्हटलं.

मान वर न करता ते म्हणाले, "वहिनी, तो इतके वर्ष जळून राहिला, अजून थोडा जळन. मले चाळीस वर्षांनी माग भेटला."

*

मादामची आई पंच्याऐंशीची, आम्ही तिला आजीच म्हणायचो. नवरा गेल्यापासून मागच्या व्हरांड्यात बसून असायची, पाहुण्यांशी बोलत नसे. शोभा रोज दुपारी तिच्याजवळ जाऊन शेंगा सोलायला बसायची. आजी फ्रेंचमध्ये बोलायची, शोभा आपल्या वऱ्हाडीत. दोघींचे दोन-दोन तास जात. मी एकदा विचारलं, काय बोलता गं? तर म्हणाली, "सासूचंच चालू होतं. तिची आपल्यावाणीच होती."

निघायच्या सकाळी टॅक्सी आली. बॅगा डिकीत गेल्या. पुढचं दार उघडलं तर आत आजी बसलेली! डोक्यावर हॅट, मांडीवर पर्स, पायाशी छोटी बॅग.

मादाम धावत आली. मायलेकींचं फ्रेंचमध्ये बराच वेळ चाललं. शेवटी मृणाल आमच्याकडे वळली.

"आजी म्हणतात, शोभाकाकूंनी बोलावलंय."

आम्ही सगळे शोभाकडे पाहू लागलो.

"मी तं फक्त म्हटलं, या एकदा आमच्या नागपूरले," शोभा म्हणाली. "आन् ते हो म्हणे."

आजीने शांतपणे सीटबेल्ट लावला.